विद्यार्थ्यांना तंत्रज्ञान वापरतानाचं सौजन्य कसं शिकवावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक आणि पालक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत. काही ठिकाणी आमचं ठाम मत आहे. ते सगळ्यांना पटेलच असं नाही.

मुलं समोरासमोर नीट वागतात. मग फोनवरचं वागणं वेगळं शिकवायची गरज काय?

समोर बसलेल्या माणसाशी बोलताना मुलाला जी मदत आपोआप मिळते, ती स्क्रीनवर मिळत नाही. समोरच्याचा चेहरा उतरला की आपण वाक्य अर्ध्यावर बदलतो, आवाज खाली आणतो. टाइप करताना चेहरा दिसत नाही, उत्तर कधी येईल ते ठाऊक नसतं आणि आजूबाजूला कुणी मोठं माणूस आहे ही जाणीवही पुसट होते. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये या सैल सुटण्याची कारणं मांडली: ओळख लपलेली असणं, आपण दिसत नसणं, बोलणं आणि उत्तर यांत अंतर पडणं, अधिकाराचा धाक कमी होणं वगैरे.

त्याच मांडणीतला दुसरा भाग मात्र सांगायचा राहून जातो. हा सैलपणा चांगल्या कामालाही येतो. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी गटावर नेमका प्रश्न विचारते, एखादा मुलगा मनातली भीती मित्राला लिहून सांगतो. तेव्हा स्क्रीन माणसाला बिघडवते असं शिकवण्यात अर्थ नाही. पलीकडे माणूस आहे हे न दिसताही लक्षात ठेवण्याची सवय लावायची, एवढंच हे काम. सवय म्हटली की सराव आला, आणि नेमका तोच राहून जातो.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

मुलाच्या हातात स्वतःचा फोन येण्याच्या बरीच आधी. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांशी बोलताना मध्येच उठून न जाणं, कुणाचा फोटो काढण्याआधी विचारणं, दुसऱ्याच्या फोनवर आलेला मेसेज न वाचणं, हे पाच-सहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

बऱ्याच अ‍ॅप्सची १३ वर्षांची अट पालकांना समजेचं प्रमाणपत्र वाटते. तसं ते नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये झालेल्या आणि २००० पासून लागू असलेल्या कायद्याने १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायला बंदी घातली आणि कंपन्यांनी तोच आकडा धरला. मूल तेराव्या वाढदिवशी समंजस होतं, असं त्यात कुणीही म्हटलेलं नाही.

वर्गात नियमांचा तक्ता लावला आहे. तेवढं पुरेल का?

नाही. नियमांची टंचाई कधीच नव्हती. इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी संकलित केलेला 'आरएफसी १८५५' हा इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचा मसुदा ऑक्टोबर १९९५ चा आहे. सगळं कॅपिटल अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं, राग आला असेल तर उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या, हे त्यात तेव्हाच लिहिलेलं आहे. ते वाचून जग शांत झालं असतं तर हे पान लिहावं लागलं नसतं.

तक्त्याऐवजी खरे वाटतील असे मेसेज घेऊन बसा. फळ्यावर एवढंच लिहा: 'आलास का शेवटी.' मग तीन मुलांना ते तीन तऱ्हांनी वाचायला सांगा. एकाने आनंदाने, दुसऱ्याने वैतागून, तिसऱ्याने टोमणा मारल्यासारखं. अक्षर न् अक्षर तेच, अर्थ तीन. आता विचारा, लिहिणाऱ्याच्या मनात कोणता होता? वर्गात वाद होतो, आणि तो वाद हाच धडा असतो.

यामागे अभ्यासही आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला सांगितली होती. आपला सूर वाचणाऱ्याला कळेल याची पाठवणाऱ्यांना चांगलीच खात्री होती. आवाजातून सांगितलं तेव्हा ती बऱ्यापैकी खरी ठरली; ईमेलवर मात्र वाचणाऱ्याचा अंदाज नाणं उडवून ठरवल्याच्या जेमतेम वर राहिला. लिहिताना आपल्या कानात आपलाच आवाज वाजत असतो, तो मेसेजसोबत जात नाही. हे वाक्य मुलांना पाठ करायला लावू नका, पण अनुभव जरूर द्या.

मराठीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे ओरडायच्या तऱ्हा वेगळ्या. एकामागून एक उद्गारचिन्हं, एकेका शब्दाचा वेगळा मेसेज, उत्तर येईपर्यंत पाठवलेली प्रश्नचिन्हांची रांग. आणि नुसतं 'हं' किंवा 'बरं' लिहून पूर्णविराम दिला की समोरचा दिवसभर विचार करत बसतो. ही उदाहरणं मुलांनाच काढू द्या. त्यांची यादी तुमच्यापेक्षा ताजी असते.

वर्गाच्या ग्रुपवर गोंधळ असतो. कुठून सुरुवात करावी?

ग्रुप कशासाठी आहे, हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात लिहून. गृहपाठाच्या ग्रुपवर वाढदिवस, विनोद, सुप्रभात आणि देवांची चित्रं आली की कामाची सूचना खाली ढकलली जाते, आणि ती ज्याला दिसली नाही त्यालाच दुसऱ्या दिवशी ओरडा बसतो. फक्त सूचना द्यायच्या असतील तर केवळ अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. चर्चा हवी असेल तर वेगळा ग्रुप करा.

एका मुलाला वैयक्तिक सांगायचं ते वैयक्तिक सांगा. 'अमक्याने अजून वही दिली नाही' हे चाळीस जणांसमोर लिहिणं म्हणजे त्याला वर्गाबाहेर उभं करणंच, फक्त इथे तो मजकूर पुसला जात नाही. हे शिक्षकांकडूनच जास्त होतं. मुलं पाहतात आणि तेच शिकतात.

ग्रुपमधलं सर्वांत जास्त दुखवणारं वागणं बहुतेक वेळा मेसेजमध्ये नसतंच. एक जण सोडून बाकी सगळ्यांचा नवा ग्रुप निघतो. कुणी शिवी दिलेली नसते, धमकी नसते, स्क्रीनशॉट काढण्यासारखं काही नसतं. ज्याला वगळलं त्याला ते दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी कळतं, सगळे कशावर तरी हसत असतात तेव्हा. नियमांच्या यादीत हे बसत नाही, म्हणून त्यावर मुद्दाम बोलावं लागतं. चार मैत्रिणींनी आपला छोटा ग्रुप करणं यात काही गैर नाही. पण एकोणतिसांचा ग्रुप करून तिसावीला बाहेर ठेवणं हा निर्णय असतो, आणि तो कुणीतरी घेतलेला असतो. मुलांना हा फरक लगेच कळतो. त्यांना तो कुणी विचारलेला नसतो, इतकंच.

मेसेज वाचूनही उत्तर न देणं उद्धटपणा आहे का?

नाही. निळ्या खुणा दिसायला लागल्यापासून हा गैरसमज पक्का झाला आहे. समोरचा जेवत असेल, अभ्यास करत असेल, किंवा उत्तर काय द्यावं ते त्याला सुचत नसेल. घाईचं काम असेल तर फोन करावा. घाईचं नसेल तर थांबावं. मुलांना हेही सांगा की 'वाचलं, संध्याकाळी लिहितो' एवढं कळवणं छान, पण ते देणं लागत नाही.

शिक्षकांना मेसेज कसा लिहावा, हे शिकवायचं का?

अवश्य, आणि हे एका तासात शिकवून होतं. आपलं नाव, वर्ग, नेमका प्रश्न, आणि उत्तर कधीपर्यंत लागेल. 'सर उद्या काय आहे' याऐवजी 'सर, मी आठवी ब मधला अमुक. उद्याच्या चाचणीत तिसरा धडा आहे का?' एवढा बदल. 'तुम्ही' म्हणायचं की 'आपण', यावर वेळ घालवू नका. स्पष्ट लिहिणं हाच मोठा आदर आहे.

रात्री उशिरा मेसेज करू नये, हे मुलांना सांगताना शिक्षकांनी स्वतः पाठवलेले मेसेज एकदा बघावेत. रात्री अकराला सुचलं तर लिहून ठेवा आणि सकाळी जाईल अशी वेळ लावा. ईमेलमध्ये तशी सोय असते.

फोटो आणि व्हिडिओंबाबत काय शिकवावं?

परवानगी तीन वेगवेगळ्या गोष्टींची असते, आणि मुलं (मोठेही) त्या एकच समजतात. फोटो काढू देणं, तो आपल्याकडे ठेवू देणं आणि तो इतरांना दाखवू देणं. स्नेहसंमेलनात हसत पोज दिली याचा अर्थ तो फोटो कुठेही टाकायला हरकत नाही असा होत नाही. विचारण्याची सवय लागावी म्हणून वर्गात साधी रीत ठेवता येते: फोटो काढला की ज्याचा आहे त्याला दाखवायचा, त्याने 'नको' म्हटलं की त्याच्यासमोर काढून टाकायचा. कारण विचारायचं नाही. 'अरे, छान तर आलाय' असं म्हणून पटवायचंही नाही.

'सगळ्यांसाठी डिलीट करा' हे बटण मुलांना फार मोठा आधार वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते सुमारे दोन दिवसांपर्यंतच चालतं, आणि तेवढ्यात कुणी स्क्रीनशॉट काढला असेल तर त्याला हातही लावत नाही. खाजगी गप्पांचे स्क्रीनशॉट दुसऱ्याला पाठवणं हाही याच प्रश्नाचा भाग आहे. मैत्रिणीने जे लिहिलं ते तुझ्यासाठी लिहिलं होतं. छळ, धमकी, धोका असेल तेव्हा विश्वासातल्या मोठ्या माणसाला दाखवायचं, हा त्याला अपवाद, आणि तो अपवाद मुलांना नक्की माहीत हवा.

आता मोठ्यांकडे वळू. रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ, मजेशीर चूक असलेली उत्तरपत्रिका, बक्षीस घेतानाचा फोटो आणि खाली पूर्ण नाव, वर्ग, शाळा. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगातल्या मुलांच्या हक्कांवर 'सामान्य टिप्पणी क्र. २५' प्रसिद्ध केली. मुलांना खाजगीपणाचा हक्क तिथेही आहे, आणि तो पालक किंवा इतरांच्या वागण्यामुळेही धोक्यात येऊ शकतो, हे त्यात मानलेलं आहे. उत्तरपत्रिकेवर हसणारा शिक्षक मुलांना संमती शिकवू शकत नाही. स्पष्टच सांगायचं तर, हा विषय सुरू करण्याआधी शाळेने स्वतःचं पान तपासावं.

मित्राच्या फोटोचे स्टिकर, मीम करतात. ही मस्करी की छळ?

डॅन ओल्वेउस या संशोधकाने शाळेतल्या छळाची जी व्याख्या रूढ केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: इजा करण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं, आणि दोघांच्या बळात फरक असणं. ऑनलाइन यातली दुसरी गोष्ट फसवी होते. एकाने एकदाच स्टिकर बनवला, पण तो पन्नास जणांनी वापरला तर ज्याचा चेहरा आहे त्याच्यासाठी ते पन्नास वेळा झालं. 'मी तर एकदाच टाकला' हे खरं असूनही पुरेसं नसतं.

मुलांसाठी याहून सोपी कसोटी आहे. तो 'बस' म्हणाला तर थांबतं का? मस्करीत थांबतं. आणि तो 'बस' म्हणू शकतो का, हेही बघायचं. काही मुलं सोबत हसतात, कारण न हसल्यास पुढचा स्टिकर आणखी वाईट असेल हे त्यांना ठाऊक असतं.

एआय वापरून कुणाचे अश्लील फोटो बनवणं हे मीमच्या यादीत येतच नाही. तो गंभीर प्रकार आहे, बऱ्याच देशांत गुन्हा आहे, आणि 'ते खोटंच आहे' हा बचाव ज्याचा चेहरा वापरला त्याच्या काहीच कामाचा नाही. १८ वर्षांखालच्या मुलांच्या अशा चित्रांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. ती अमेरिकेतली 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रेन' ही संस्था चालवते. चित्र त्यांना पाठवावं लागत नाही. आपल्याच उपकरणावर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते शोधून काढतात. अशी चित्रं पुरावा म्हणूनही कुणाला पुढे पाठवू नयेत.

माझ्या मुलाला त्रास होतो आहे. सर्वांत आधी काय करू?

फोन काढून घेऊ नका. 'सांगितलं तर फोन जाईल' ही भीती मुलं गप्प राहण्याचं मोठं कारण असते, आणि तुम्ही ती खरी ठरवता. आधी ऐका. मग मेसेज, तारीख आणि खात्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा, त्यानंतर ब्लॉक आणि रिपोर्ट. हा क्रम उलटा झाला तर पुरावा हाताशी राहत नाही. रोज समोर दिसणाऱ्या मुलाला ब्लॉक करणं अवघड वाटत असेल, तर इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट' ही सोय आहे: त्याने आपल्या पोस्टवर लिहिलेल्या कॉमेंट त्याच्या एकट्यालाच दिसतात आणि त्याला कळवलं जात नाही.

धमकी, पैशाची मागणी किंवा खाजगी फोटो असतील तर शाळेपुरतं ठेवू नका, पोलिसांकडे जा.

बाकीच्या मुलांनी काय करावं? सगळे नुसते बघत असतात.

'आवाज उठवा' असं सांगणं सोपं आहे. चौदा वर्षांच्या मुलाला चाळीस जणांच्या ग्रुपवर एकट्याने विरोध करायला सांगणं म्हणजे त्याला पुढचं लक्ष्य करणं. त्याला जमेल असं सांगा. ज्याला त्रास झाला त्याला वेगळा मेसेज कर: 'ते वाचलं. बरोबर नव्हतं. उद्या बरोबर बसू.' हसणारी इमोजी देऊ नको. 'बघ किती वाईट लिहिलंय' म्हणूनही पुढे पाठवू नको. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग. यातलं पहिलं सर्वांत मोलाचं, कारण त्रास झालेल्या मुलाला सगळेच विरोधात आहेत असं वाटत असतं, आणि बहुतेकदा तसं नसतं.

शाळेत फोनवर बंदीच घातली तर?

वर्गात लक्ष लागावं म्हणून घाला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार तेव्हा चारपैकी एकाहून कमी देशांत शाळांमध्ये स्मार्टफोनवर कायद्याने किंवा धोरणाने बंदी होती. पण बंदी शाळेच्या वेळेपुरती असते आणि ग्रुप रात्री जागे होतात. बंदी घातलीत तरी या पानावरचं काही टळत नाही.

ऑनलाइन तासाला कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करावी का?

करू नये. मागे एकाच खोलीत सगळं घर असतं, कुणाचा डेटा कमी असतो. नाव नीट लावा, बोलत नसाल तेव्हा माइक बंद ठेवा, बोलायचं असेल तर हात वर करा. एवढं पुरे.

एआय चॅटबॉटशी 'कृपया', 'धन्यवाद' म्हणायला शिकवायचं का?

म्हटलं तर बिघडत नाही, नाही म्हटलं तरी यंत्राला वाईट वाटत नाही. लहान मुलांना हुकूम सोडायची सवय लागू नये म्हणून काही पालक आग्रह धरतात, तेही समजण्यासारखं आहे. आम्हाला मात्र खरा प्रश्न दुसरीकडे दिसतो. मैत्रिणीशी भांडण झालं म्हणून तिचे सगळे मेसेज चॅटबॉटमध्ये टाकून 'चूक कुणाची?' असं विचारणं म्हणजे तिचं खाजगी बोलणं तिला न विचारता दुसरीकडे देणं. गटप्रकल्पात आपला भाग एआयकडून करून घेऊन ते न सांगणं ही बाकीच्यांची फसवणूक. आणि माफीचं पत्र यंत्राकडून लिहून घेतलं तर ते सुबक होतं, पण माफी मागायची राहूनच जाते.

दिव्यांग विद्यार्थ्यांचा यात विचार कसा करावा?

हा प्रश्न जेवढा विचारला जायला हवा तेवढा विचारला जात नाही. दृष्टिहीन मुलं स्क्रीन रीडर वापरतात. तो मजकूर वाचून दाखवतो. तुम्ही गंमत म्हणून एकच इमोजी पंधरा वेळा टाकलात की त्यांना 'आनंदाश्रू असलेला चेहरा' हे पंधरा वेळा ऐकू येतं. सूचनेचा फोटो काढून टाकलात तर बऱ्याचदा काहीच ऐकू येत नाही. म्हणून सूचना टाइप करावी आणि चित्रासोबत एका ओळीचं वर्णन द्यावं. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमांची पहिली आवृत्ती १९९९ ची आहे आणि चित्रांना मजकुराचा पर्याय द्या ही तिच्यातली पहिलीच सूचना.

कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी व्हॉइस मेसेज हीच अडचण, व्हिडिओला उपशीर्षकं नसणं हीही. मुलांना एकदा डोळे मिटून स्वतःचा ग्रुप स्क्रीन रीडरवर ऐकायला लावा. फोनमध्ये ती सोय आधीपासूनच असते.

पालकच न तपासता फॉरवर्ड करतात. मुलांना काय सांगणार?

अगदी खरं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१९ मध्ये एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली, ती काही मुलांमुळे नव्हे. उलट मुलांनाच घरी तपासनीस करा. काकांना ग्रुपवर सगळ्यांसमोर 'हे खोटं आहे' न म्हणता वेगळं, नम्रपणे कसं कळवायचं, हा त्यांच्यासाठी उत्तम गृहपाठ आहे.

चूक झाल्यावर शिक्षा करावी का?

आधी दुरुस्ती. जिथे लिहिलं तिथेच माफी मागावी. चाळीस जणांसमोर अपमान आणि कानात माफी हा हिशेब जुळत नाही. ज्याला दुखावलं त्याला ती सगळ्यांसमोर नको असेल तर मात्र त्याचं ऐकावं. 'कुणाला वाईट वाटलं असेल तर सॉरी' हे चालणार नाही. काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, मजकूर काढायचा, ज्यांना पाठवला त्यांनाही काढायला सांगायचं. शेवटचं काम वेळ खातं आणि लाज आणतं. बऱ्याच मुलांना तेवढं पुरतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर शाळेचे नेहमीचे नियम आहेतच.

या विषयाला गुण द्यावेत का?

नकोत. गुण दिले की मुलं उत्तरपत्रिकेत सभ्य होतात.

वर्ष संपल्यावर वर्गाच्या ग्रुपचं काय करावं?

बंद करा. आठवडाभर आधी सूचना द्या, म्हणजे कुणाला फोटो किंवा टिपणं हवी असतील ती घेता येतील. मग सदस्यांना काढून ग्रुप रिकामा करा आणि शिक्षकांनी आपल्या फोनमधले मुलांचे फोटो, कागदपत्रं, पालकांची माहिती काढून टाकावी. शाळेला जी नोंद ठेवावीच लागते ती शाळेच्या यंत्रणेत असावी, कुणाच्या वैयक्तिक फोनमध्ये नाही. मुलांना मैत्रीसाठी ग्रुप चालू ठेवायचा असेल तर त्यांनी आपला नवा करावा, आणि त्यात शिक्षकांनी नसावं.